दोर कोण धरणार?

माझं पहिलं हेल्मेट कंपनीचं होतं. पिवळं, प्लास्टिकचं, आतला पट्टा दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाने कडक झालेला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मी फिटर होतो आणि जवळच्या पाम गावात तिघांत मिळून एक खोली घेतली होती. शुक्रवारी सुट्टी असायची. बाकीचे दोघे त्या दिवशी दुपारपर्यंत लोळायचे आणि मग बोईसरला सिनेमा बघायला जायचे. मी मात्र ते हेल्मेट पिशवीत कोंबून सकाळच्या पहिल्या गाडीने पालघर गाठायचो आणि कड्यावरून खाली उतरायला शिकायचो.

ही ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. आता या खेळाला कॅनियनिंग असं झकास नाव आहे. रबरी कपडे घातलेली पोरं शनिवार-रविवारी घळींमधून दिसतात. मला त्यांचा राग येत नाही, थोडा हेवा वाटतो, आणि त्यांच्या बुटांचा तर फारच वाटतो. आमच्या वेळी या उद्योगाला नावच नव्हतं. पाण्याने कापलेल्या घळीत वरून शिरायचं, धबधबा आला की दोर टाकून त्याच्या सोबतीने खाली यायचं, डोह आला की पोहायचं, आणि तळाच्या ओढ्यातून चालत बाहेर पडायचं. खोलीतला सोबती त्याला ‘हौसेने जीव द्यायचा क्लास’ म्हणायचा. आईला पत्रात मी ‘कंपनीचं ट्रेनिंग चालू आहे’ असं लिहायचो. त्यात हेल्मेटापुरतं तरी खरं होतंच.

मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शिट्टी.

आमचे सर पालघरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. तरुणपणी हिमालयात जाऊन त्यांनी गिर्यारोहणाचा रीतसर कोर्स केला होता, त्यामुळे आमच्या आठ जणांच्या टोळीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी असायची आणि तशाच तीन शिट्ट्या त्यांच्या कपाटात पडून होत्या. ज्याला शिट्टी मिळेल त्याने इतरांना उतरवायचं, त्याच्या भरवशावर लोकांनी आपला जीव दोराला लावायचा. तीन वर्षांत एकालाही ती मिळाली नव्हती. मी साताऱ्याकडचा माणूस, चिवटपणात कुणाला हार जाणारा नव्हे. पहिली शिट्टी माझीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पालघरजवळच्या काळदुर्ग किल्ल्याच्या कातळावर सर आम्हाला घासून घासून तयार करायचे. त्यांची नियमांची एक वही होती आणि तिच्यात पहिला नियम लाल शाईने लिहिलेला होता: दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय उतरायचं नाही. कारण उघड होतं. दोर जमिनीपर्यंत पोचला नसेल आणि उतरणाऱ्याच्या ते लक्षात आलं नाही, तर तो टोकावरून थेट हवेत जाणार. गाठ असली की ती कमरेच्या लोखंडी कडीत येऊन अडकते. माणूस लटकत राहतो, पण जगतो. जो गाठ विसरेल त्याला सर दिवसभर सगळ्यांचे दोर गुंडाळायला लावायचे. मी एकदाच विसरलो. पुढे कधी विसरलो नाही, आणि पुढचं सगळं रामायण घडलं ते त्यामुळेच.

कोरड्या कातळावर तीन उन्हाळे गेल्यावर सरांना पाण्याची घळ हवीशी वाटू लागली. मनोरच्या नाक्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, अमुक पाड्याच्या मागे खोल घळ आहे, पण तिच्यात मधासाठी उतरणारा एक माणूस सोडला तर कुणी जात नाही. आम्ही लगेच एसटी पकडून, मग तासभर चालून त्या पाड्यावर गेलो. तो माणूस अंगणात बसून केवणीच्या झुडपाच्या सालीचा दोर वळत होता. उंचीने माझ्या खांद्याएवढा, वय चाळिशीच्या आसपास, आणि पायांची बोटं अशी फाकलेली की त्यांनीही दोर धरता यावा. आम्ही त्याला दादा म्हणू लागलो आणि त्याच्या बायकोला वहिनी.

सरांनी आमचं सामान अंगणात मांडलं. नायलॉनचा दोर, कड्या, पट्टे, पिवळी हेल्मेटं. दादाने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, माझं हेल्मेट डोक्यावर घालून वहिनीकडे बघितलं, काढून ठेवलं आणि एवढंच विचारलं, “दोर कोन धरतो?”

“कुणी धरत नाही,” सर म्हणाले. “आम्ही झाडाला पक्का बांधतो.”

दादा हसला. “मंग खालून हाक मारली तर झाड आयकतं काय?”

सरांना ते लागलं. पण वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यांच्या घराण्याची रीत सांगितली. मधाला उतरणाऱ्याचा दोर फक्त बायकोच्या भावाने धरायचा. दोर झाडाभोवती तीन वेढे घेऊन यायचा, पण त्याचं टोक मेहुण्याच्या हातात. सख्ख्या भावाने धरायचा नाही, भावकीतल्या कुणी धरायचा नाही, पोटच्या पोरानेही नाही.

“सख्ख्या भावाने का नाही?” मी विचारलं.

“भाऊ झाला तरी जमिनीचा वाटेकरी,” वहिनी म्हणाली. “तो वाईट नसंल, पन मनात काय येईल ते देवाला म्हाईत. पोरगा घाबरतो. बायकोचा भाऊ हाय ना, तो बहिनीचं कुकू धरून बसतो. त्याच्या हातून दोर सुटत नाय.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत तिने विचारलं, “तुमचं लगीन झालं?”

“नाही.”

“मंग तुमचा दोर कोन धरनार?”

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण ती गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. पुढे मुलगी बघायला माकुणसारला गेलो तेव्हा मी मुलीआधी तिच्या भावाचं मनगट पाहिलं. तो तहसील कचेरीत कारकून होता आणि खुर्चीवर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी त्याला घेरी यायची. मुलगी चांगली होती म्हणून मी तडजोड केली, हे बायकोला मी अजूनही ऐकवतो.

भाद्रपद संपता संपता घळीतलं पाणी उतरण्याजोगं झालं. सरांनी जाहीर केलं की पहिल्या धबधब्यावर मी पहिला उतरणार आणि नीट उतरलो तर शिट्टी माझी. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, मला बाहेरून तिचा आकार दिसत होता. कड्याच्या तोंडाशी एक जांभूळ होतं. दादाच्या हट्टापायी दोर त्या जांभळाला न बांधता तीन वेढे घेऊन मेहुण्याच्या हाती दिला होता. तो वहिनीचा भाऊ, तिशीचा, अबोल. मुळाला टाच लावून बसला होता आणि मागे दोराचं उरलेलं वेटोळं ठेवलं होतं. सरांना ते पटलं नव्हतं, पण घळ दादाची होती.

दादाने धबधब्यात सोडलेला दोर हातांनी वर ओढून घेतला आणि टोकाची गाठ पाहिली.

“ही सोड.”

“हा पहिला नियम आहे,” मी म्हणालो.

“सुक्या कड्यावं आसंल. हितं खाली दोन पुरुष खोल डोह हाय. दोर संपला तर पान्यात पडशील, पोहशील. गाठ आसली तर धारेखाली आडकशील. पानी डोक्यावं मारीत ऱ्हाईल न तुला हात वर करता येनार नाय. सोड ती.”

बोलणं समजण्यासारखं होतं. मला समजलंही. मी त्याच्यासमोर गाठ सोडली. मग तो मेहुण्याशी बोलायला वळला, तेवढ्यात माझी नजर सरांकडे गेली. ते पलीकडच्या खडकावर उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. लाल शाई आठवली, खिशातला तो आकार दिसला. मी पाठ फिरवून दोन बोटांत गाठ पुन्हा मारली आणि दोर खाली सोडून दिला.

पहिली चार-पाच पुरुष उंची मी मजेत उतरलो. पाण्याचा आवाज एवढा की स्वतःचं हसू ऐकू येईना. मग कमरेपाशी खट्ट झालं आणि मी थांबलो. फेसामुळे आम्हाला वरून अंदाज आला नव्हता, दोर डोहाच्या चार हात वरच संपला होता. गाठ कडीत पक्की बसली होती आणि सगळी धार माझ्या मानेवर पडत होती. कंपनीचं हेल्मेट एका फटक्यात गेलं. मी हात वर करायचा प्रयत्न केला, पाण्याने तो खाली पाडला. ओरडायला तोंड उघडलं तर आत पाणी. घरी आईने माझं ताट वाढून ठेवलंय असं काहीतरी दिसलं. आपण मरतोय आणि तेही अत्यंत शहाण्यासारखं, नियम पाळून, एवढं मात्र स्पष्ट कळत होतं.

मग अचानक वरून दोर सैल झाला आणि मी दगडासारखा डोहात गेलो.

मेहुण्याला हातातलं वजन हलत नाही हे जाणवलं होतं. त्याने दादाकडे पाहिलं, दादाने मान हलवली, आणि त्याने वेढ्यांतून पाच-सहा हात दोर सोडला. दोर झाडाला बांधलेला असता तर ताणलेली गाठ सोडवेपर्यंत मी उरलो नसतो.

मी काठावर पाणी ओकत पडलो होतो तेव्हा दादा बाजूच्या वाटेने खाली आला. त्याने माझ्या कमरेची कडी उलटी करून बघितली. गाठ तिथेच होती. सर आले ते पांढरेफटक पडलेले. त्यांनी पिशवीतून वही काढली, लाल ओळीच्या पुढे ‘पाण्यात नाही’ असं लिहिलं, आणि ओल्या हातांनी ती शिट्टी माझ्या गळ्यात घातली. “चूक माझ्या नियमाची होती,” ते म्हणाले. “तू सांगितलं तसं केलंस.”

तीन वर्षं जिच्यासाठी तडफडलो ती गळ्यात आली आणि मला मान वर करवेना.

“शिट्टी द्या नायतर ढोल द्या,” दादा सरांना म्हणाला, “ह्यो माज्या घळीत कुनाला उतरवनार नाय. गाठीचं काय नाय, चूक कोनाची बी होते. पन ह्यानं मला सोडून दाखवली न पाठीमागं परत मारली. दोर धरनाऱ्याशी जो खोटं वागतो, त्याच्या हातात मी दुसऱ्याचा दोर कसा देऊ?”

सरांनी वही मिटली. दादाशिवाय त्या घळीत उतरता येणार नव्हतं, कारण कुठल्या डोहात पाणी खालून ओढतं आणि कुठल्या डोहात ते सोडून देतं, हे फक्त त्याला माहीत होतं. शिट्टी मी खोलीत खिळ्याला लटकवली. सोबत्यांनी आठवडाभर तिच्यावर गाणी म्हटली, मग तेही कंटाळले.

पुढच्या शुक्रवारी मी एकटाच पाड्यावर गेलो. माफी मागायला म्हणून गेलो होतो, पण दादा भात कापत होता, तेव्हा मीही विळा घेतला. त्याने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही गेलो. असं करता करता सवयच झाली. एसटी वाघोबाच्या खिंडीत आली की ड्रायव्हर गाडी हळू करायचा, सगळे हात जोडायचे, मीही जोडायचो आणि मनात म्हणायचो की आज तरी त्याला बोलू दे.

तो बोलायचा नाही, पण घळीत निघाला की मला मागे येऊ द्यायचा. प्रत्येक डोहाशी थांबून पळसाचं एक पान पाण्यात टाकायचा आणि विडी ओढत बघत राहायचा. पान कुठे जातं, कुठे गोल फिरतं, कुठे बुडतं आणि पुन्हा वर येतं की नाही. सुरुवातीला मला तो विरंगुळा वाटला. महिनाभराने कळलं की तो मला शिकवतोय. जिथे पान घुटमळतं तिथे माणूसही घुटमळणार. मी आपणहून पानं टाकू लागलो. एकदा मी एका डोहाकडे बोट करून नुसतंच ‘नको’ म्हणालो, तर त्याने मान हलवली. मला तेव्हा कंपनीत बोनस जाहीर झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

वहिनी नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. त्या चवीची भाकरी मला पुन्हा कुठेच मिळाली नाही, आणि त्या हिवाळ्यासारखा हिवाळाही नाही. दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर गेली. वहिनीचा भाऊही बायकापोरांना घेऊन भिवंडीकडे गेला. दारांना काट्या लावलेल्या, कोंबड्यासुद्धा शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या. घळीतलं पाणी हळूहळू आटलं आणि ज्या कड्यावर मी मरता मरता राहिलो होतो तो कोरडा, साधासुधा दिसू लागला. त्याच्या पोटाशी आग्या माश्यांनी मोहोळं धरली होती, मोजून पाच.

वैशाखात सरांच्या शाळेत निरोप आला. मनोरच्या एसटीचा कंडक्टर सांगून गेला होता: शिट्टीवाल्याला पाठवा, एकट्याला.

गुरुवारी पाळी संपवून मी गेलो. दादा ओसरीवर बसून केवणीचा दोर हातभर हातभर तपासत होता. वहिनीने सांगितलं ते असं. भट्टी अजून चालू होती आणि मालक शेवटची भट्टी लागेपर्यंत कुणाला सोडत नव्हता, त्यामुळे तिचा भाऊ येणार नव्हता. मोहोळं भरली होती. आभाळ आलं की माश्या उठणार, आणि जाताना मध संपवून जाणार. त्या मधावर घराचा पावसाळा अवलंबून होता. पाड्यावर धडधाकट पुरुष होते, पण सगळे भावकीतले.

“मी?” मला विश्वास बसेना. दादाकडे बघून म्हणालो, “तुम्हीच म्हणाला होतात...”

“मी आजून म्हनतो,” दादा दोरावरून नजर न काढता म्हणाला.

“ह्याला इचारू नको,” वहिनी म्हणाली. “कुकू माजं हाय. दोर कोन धरनार ते मी ठरवनार. तू एकदा खोटा वागलास. पन मंग आट म्हयने आलास, न काय बी मागलं नायस.”

पहाटे, उजाडायच्या आत, तिने अंगणात पाट मांडला. मला बसवलं. ताटात एक दिवा, चिमूटभर तांदूळ, हळद. तिने माझ्या कपाळाला हळद लावली, तांदूळ डोक्यावर टाकले आणि ओवाळलं. भर वैशाखात भाऊबीज! “आता वयनी म्हनू नको,” ती म्हणाली. सख्खी बहीण मला नाही.

ओवाळणी टाकायला खिशात एसटीच्या परतीपुरती चिल्लर होती. ती टाकायला हात धजेना. गळ्यात शिट्टी होती, निरोपात ‘शिट्टीवाला’ म्हटलं म्हणून घालून आलो होतो. ती काढून ताटात ठेवली. पुढे चौदा पावसाळे मी त्या घळीत लोकांना उतरवलं, पण शिट्टी पुन्हा घेतली नाही. ती तिच्या घरात दाराच्या वर टांगलेली असायची.

जांभळाशी गेलो. दोर रात्रभर ओढ्यात उरलेल्या डबक्यात भिजत घातला होता, ओला झाला की तो जास्त घट्ट होतो. तीन वेढे दिले. जिथे मेहुण्याने टाच लावली होती त्याच मुळाला मी टाच लावली. दादाने ओल्या पाल्याची धुराची चूड घेतली, पाठीला डबा बांधला. तो कड्यावरून मागे झुकला, आणि त्याचं सगळं वजन माझ्या तळहातांत आलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की धैर्य उतरणाऱ्याला लागतं.

हातभर सोडत, थांबत, मी त्याला मोहोळापर्यंत पोचवलं. खालून धूर वर येऊ लागला. थोड्या वेळाने माश्यांचा आवाज बदलला आणि त्या धुराच्या बाजूने उसळून वर आल्या. पहिली चावली ती कानामागे, दुसरी पापणीवर. पुढच्या मी मोजल्या नाहीत. हात उचलून एकदा तोंडावरून फिरवावा, एवढीच इच्छा अंगभर होत होती. घरी दिवा तेवत असेल, हळदीचं ताट असेल, असं मनात म्हणत मी डोळे मिटून घेतले आणि बोटं होती तशी ठेवली. डोळा सुजून बंद झाला. ओठ जड झाले. दोर जागचा हलला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दोराला एक झटका बसला. डबा भरल्याची ती खूण होती, आता त्याला तळापर्यंत सोडायचं होतं. वाऱ्याने झटका बसला की त्याने दिला हे नक्की करायला हवं होतं. झाड विचारत नाही, माणसाने विचारायचं असतं. मी सुजलेल्या ओठांनी खाली ओरडलो, आणि ओरडताना तोंडातून आमच्या साताऱ्याकडचा शब्द गेला, बहिणीच्या नवऱ्यासाठी असतो तो.

“दाजी, सोडू का?”

माश्या थोड्या निवल्या होत्या. मग खालून, धुरातून, खोकत खोकत आवाज आला.

“सोड, मेवन्या. हळू सोड.”